सातवी ओळ

"मामाजी, आज काही झालं तरी मासोळ्याइले दाणा टाकू नोका जी. एक दाणाही नाही."

माझी सून हेमलता दारात उभी राहून हे तिसऱ्यांदा सांगत होती. डोक्यावरून पांढरा दुपट्टा घेऊन नाकातोंडावर बांधलेला, नुसते डोळे दिसत होते. हातातल्या पिशवीत जळालेली मोटर. नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांतला, चौथा दिवस होता. सकाळचे दहा वाजले होते आणि परसातल्या लोखंडी बादलीला तेव्हाच हात लावता येत नव्हता.

"ऐकलं," मी म्हणालो.

"साकोलीले जातो अन् मोटर घेऊन चारपर्यंत येतो. तोपर्यंत तासाले दहा बादल्या टाकीतून काढून वरच्या डरमात टाकाच्या. अन् लाइन गेली, बुडबुडे बंद पडले, तं थांबाचंच नाही. उंचावरून टाकाचं, धार पाडून."

"ऐकलं म्हटलं ना! का लिहून देऊ आता?"

मला लिहिता येत नव्हतं. तिने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि निघाली. एका बाईने सासऱ्याला इतकं समजावून जावं, याचाच मला राग आला होता.

त्या काळात मला कशाचाही राग येत असे. पहाटे उठल्यावर पहिली गोष्ट जी यायची ती राग. आम्ही ढीवर. आमच्या गावचा तलाव माझ्या आजापासून आमच्या सोसायटीकडे होता. चाळीस वर्षं मी त्यात जाळं टाकलं. मग एका बैठकीत हजेरीचा कागद म्हणून आमचे अंगठे घेतले गेले, आणि तीन महिन्यांनी कळलं की तो कागद हजेरीचा नव्हता. तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे गेला. माझाच मुलगा भोजराज आता त्याच तलावावर त्या ठेकेदाराची जाळी ओढायला रोजीने जात होता. त्या कागदावर माझाही अंगठा होता. तेव्हापासून कागद, पाटी, भिंत, कुठेही लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरायचं.

आणि हेमलताने तर माझ्या परसातली अख्खी भिंत लिहून ठेवली होती.

ती बारावी शिकलेली. कुठेतरी आठ दिवसांचं शिक्षण घेऊन आली आणि गोठ्याच्या बाजूला सिमेंटची टाकी बांधून घेतली. टाकीत दोनशे तिलापिया. टाकीच्या वर लाकडी माचाण, माचाणावर आडवे कापलेले निळे डरम, डरमात गिट्टी, आणि गिट्टीत पालक, अंबाडी, कोथिंबीर. माती चिमूटभरही नाही. मासोळ्यांचं घाण पाणी मोटर वर चढवायची, ते गिट्टीतून झिरपायचं, भाजी त्यातलं आपलं खाणं घ्यायची आणि साफ पाणी थेंबाथेंबाने परत टाकीत पडायचं. हवेचा छोटा पंप वेगळा होता, तो पाण्यात बुडबुडे सोडायचा. गावातले लोक बघायला यायचे. मी खाटेवर बसून म्हणायचो, "पाहा बाप्पा, मासोळी खाली अन् तिची भाजी वर. आता चूल तेवढी मध्ये मांडा." लोक हसायचे. तीही हसायची.

भिंतीवर तिने निळ्या रंगाने सहा ओळी लिहिल्या होत्या. मला तिने त्या वाचून दाखवल्या होत्या. पाण्याची गरमी सकाळ-दुपार पाहावी. गरमी लाल खुणेच्या वर गेली तर दाणा बंद. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग टाकीत टाकावं. लाइन गेली तर बादलीने पाणी वर टाकावं. मेलेली मासोळी लगेच काढावी. साबणाचा हात पाण्यात घालू नये. पाण्यात दोरीने एक काचेची नळी सोडली होती. मला आकडे कळत नाहीत म्हणून तिने त्या नळीवर नखाच्या रंगाने लाल खूण केली होती. चाळीस वर्षं पाण्यात पाय घालून गरमी ओळखणाऱ्या माणसासाठी नखाचा रंग!

पण ती टाकी जगावी असं मलाही वाटत होतं. मुकादम गावात येऊन गेला होता. हैदराबादकडे इमारतींच्या कामाला जोडपी हवी होती. भोजराजचं मन तिकडे होतं. हेमलता अडून बसली होती, कारण माझी नात आचल चौथीत होती आणि हुशार होती. शेवटी नवराबायकोचं ठरलं ते माझ्यासमोरच. भोजराज म्हणाला, "मृगापर्यंत तुह्या मासोळ्या जगल्या अन् विकल्या गेल्या तं राहू. नाही तं मुकट्यानं बोचकं बांधाचं."

"बांधीन," ती म्हणाली. "पण जगतीन."

माझी बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. ही तिघंही गेली असती तर त्या घरात मी आणि दोन गायी.

तर त्या दिवशी मी दहा बादल्या टाकल्या, मग अजून दहा. साडेबाराला लाइन गेली. टाकीतले बुडबुडे थांबले. टाकीवर हिरवी जाळी होती, जाळीवर पळसाच्या फांद्या, कडेला ओली पोती, तरी पाणी आंघोळीला काढल्यासारखं झालं होतं. हेमलताने शेजारच्या फ्रिजमध्ये गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळी टाकीत सोडल्या होत्या. त्या केव्हाच वितळून नुसत्या तरंगत होत्या.

मी बादली उचलायला वाकलो की माझी सावली पाण्यावर पडायची, आणि सावली पडली की दोनशे मासोळ्या त्या कडेला धावत यायच्या. तोंडं वर. तीन दिवस तिने त्यांना दाणा दाखवला नव्हता. बादली उचल, ओत, पुन्हा वाक, की पुन्हा ती तोंडं. माझ्या परसात, माझ्या दारात, दोनशे जीव उपाशी. आणि पाणी कसं? बाटलीतल्यासारखं स्वच्छ. तळ दिसत होता. आमच्यात अशा पाण्याला पाणी म्हणत नाहीत. ज्या पाण्यात तळ दिसतो त्यात मासोळीला खायला काही नसतं. तलावात आम्ही काय करायचो? वैशाखात पाणी उतरलं की गावभरचं शेण टोपल्यांनी नेऊन काठाकाठाने टाकायचो. आठ दिवसांत पाणी हिरवं व्हायचं, आणि त्या हिरव्यावर रोहू अशी वाढायची की पोत्यात मावायची नाही. माझ्या बापाने हेच केलं, त्याच्या बापाने हेच. कोणी भिंत लिहिली नव्हती.

"दाणा टाकू नोका," ती म्हणाली होती. बरं, दाणा नाही टाकत.

गोठ्यात सकाळचं शेण पडलेलं होतं. मी टोपलं भरलं आणि टाकीत ओतलं. हाताने कालवलं. मासोळ्या तुटून पडल्या. मला इतकं बरं वाटलं! ये म्हणावं आता साकोलीहून आणि बघ म्हणावं पाणी कोणाचं ऐकते.

मला त्या मासोळ्यांची दया आली होती, हे खरं आहे. पण दयेने माणूस एक टोपलं टाकतो. मी चार टाकली.

मग हात धुतले, तंबाखू मळली आणि लिंबाच्या सावलीत बसलो. बादल्या टाकायच्या राहिल्या. आता कशाला टाकायच्या? पाण्यात जीव आला होता.

अर्धा-पाऊण तास गेला असेल. टाकीकडून आवाज यायला लागला. तोंडाने चहा फुरकावा तसा, पण शेकडो तोंडांचा. मी उठून पाहिलं. सगळ्या मासोळ्या वर आल्या होत्या. धावत नव्हत्या, सावलीला ओळखत नव्हत्या. तोंडं पाण्याबाहेर काढून हवा ओढत होत्या. पाणी काळपट हिरवं, वर फेस. हे तोंड मी ओळखत होतो. तलाव आटून डबकं उरलं की शेवटच्या दिवशी मासोळी अशी करते. तलाव मोठा असतो, त्याला वारा असतो, लाटा असतात, टाकलेलं शेण तो चार कोसांत पचवतो. ही टाकी माझ्या खाटेपेक्षा दुप्पट लांब होती, आणि वर सेहेचाळीस-सत्तेचाळीसचं ऊन.

मी बादली घेतली. उंचावरून ओतत सुटलो. मोजलं नाही. मग बादलीने होईना म्हणून टाकीत उतरलो आणि दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागलो, तलावात मासोळी जाळ्याकडे हाकताना बडवतात तसं. मासोळ्या माझ्या पोटाला, मांड्यांना लागत होत्या. आधी जिवंत लागत होत्या. मग नुसत्या लागत होत्या.

चारला हेमलता आली तेव्हा मी टाकीच्या भिंतीला धरून बाहेर बसलो होतो आणि मला समोरचं दिसत नव्हतं.

तिने आधी टाकीकडे पाहिलं नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. मोटरची पिशवी तिथेच टाकली, माझ्या काखेत हात घालून मला ओढत सावलीत नेलं. डोक्यावर ओली चादर टाकली. कांदा फोडून तळपायाला चोळला. मीठ घालून कैरीचं पाणी पाजलं, घोट घोट. "मामाजी, बोला जी. माह्यासंग बोला. माहं नाव काय? सांगा." मी सांगितलं. मग ती उठली आणि टाकीपाशी गेली.

बराच वेळ मला फक्त तिची पाठ दिसत होती. मग वाकून तिने ओंजळभर पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि सोडून दिलं.

एवढ्यात भोजराज आला, त्याच्यामागे शेजारचा चिंधू, मग ढीवरपुऱ्यातले आणखी चारपाच जण. बातमी कशी पसरते कोण जाणे. टाकीवर पांढरी पोटंच पोटं झाली होती.

"गेल्या," भोजराज म्हणाला. "सगळ्या गेल्या."

"ऊनच तसं आहे गा," चिंधू म्हणाला. "माणसं मरून रायली."

"ऊन सगळ्या गावाले आहे! तलावातल्या मेल्या का? हिले सांगतलं होतं, पोरखेळ आहे. सोता साकोली फिरून आली अन् माह्या म्हाताऱ्या बापाले उन्हात बादल्या ओढाले लावलं! पाहा त्याचे हात!"

माझे तळवे सोलले होते. सगळ्यांनी पाहिले. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याने जीव टाकला टाकीसाठी. मी ओल्या चादरीत मान खाली घालून बसलो होतो.

हेमलता माझ्याकडे आली. सगळ्यांसमोर, पण आवाज हळू. "मामाजी, पाण्यात काही टाकलं होतं का जी?"

मला हो म्हणता आलं असतं. एका अक्षराचा शब्द आहे. पण सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि आताच कोणीतरी माझं नाव चांगलं घेतलं होतं. आणि राग तर तयारच होता, तो कुठे शोधायला जावं लागत नव्हतं.

"मले इचारतेस?" मी ओरडलो. "पोरी, तुह्या जन्माच्या आधीपासून मी पाण्यात उभा आहे! तू मले पाणी शिकवतेस? डोमाजी मारबतेले?"

भोजराजने पुढे होऊन तिच्या कानशिलात मारली. "माह्या बापावर आळ घेतेस?"

चिंधूने त्याचा हात धरला, पण मारून झाल्यावर. हेमलता रडली नाही. गालाला हातही लावला नाही. ती माझ्याकडेच पाहत होती, आणि मी काही बोलतो का याची वाट पाहत होती. तिने टाकलेली ओली चादर माझ्या डोक्यावर होती. मी बोललो नाही.

पाण्यात आपोआप मेलेली मासोळी ढीवर विकत नाही आणि खातही नाही. मी आणि चिंधूने खड्डा खणून सगळ्या पुरल्या. हेमलताने टाकी रिकामी केली, डरमातली भाजी उपटली. पाचव्या दिवशी मुकादमाची गाडी यायची होती. आदल्या दुपारी मी खाटेवरून पाहिलं तर ती निळ्या रंगाची डबी घेऊन भिंतीशी उभी होती. सहा ओळींच्या खाली काहीतरी लिहीत होती.

"आता काय लिवतेस? टाकी तं संपली."

"राहिलं होतं, ते लिवलं," ती म्हणाली आणि डबीचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तिघं गेली. आचल गाडीत चढताना दप्तर घेऊन चढली. तिला वाटत होतं तिकडे शाळा असेल.

दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी काय केलं ते सांगतो. लोक ती टाकी बघायला अजून यायचे. कोणाला तसली करायची असायची, बचत गटाच्या बाया यायच्या, एकदा लाखनीकडची दहा-बारा माणसं टेम्पो करून आली. मी भिंतीला टेकून बसायचो आणि सांगायचो. सून शिकलेली होती, पण पाणी पुस्तकात नसते. नवतप्यात मोटर जाळून बसली अन् मासोळ्या उकडून मेल्या. मी म्हातारा माणूस, चार तास बादल्या ओढल्या, पण एकट्यानं काय होते? हे तळहात पाहा.

लोक माझे तळहात बघायचे. मग भिंतीकडे बघायचे. मग पुन्हा माझ्याकडे. एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली होती. मला वाटलं तिला माझी दया आली. चिंधू दर वेळी म्हणायचा, "हव गा, ऊनच तसं होतं." आणि मिशीत हसायचा. तो कशालाही हसतो.

सोसायटीची पुन्हा जुळवाजुळव सुरू झाली होती. तलाव परत मागायचा तर अर्ज, ठराव, सह्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं की आता जन्मात कुठे अंगठा देणार नाही. अंगणवाडीच्या निमाबाई दुपारी समाजमंदिरात मोठ्यांचा वर्ग घ्यायच्या. पासष्टाव्या वर्षी मी पाटी घेऊन तिथे बसलो. रागानेच बसलो. इतरांना सहा महिने लागले, मला चार. निमाबाई म्हणाल्या, "डोमाजीबाबा, तुम्ही अक्षरावर असे धावून जाता जसं त्यानं तुमचं काही चोरलं." चोरलंच होतं.

मग मला चळ लागला. दिसेल ते वाचायचं. एसटीची पाटी, रेशनच्या दुकानावरचा फळा, खताचं पोतं. आणि मे महिन्यात, पुन्हा नवतप्यातच, दुपारी खाटेवर पडल्या पडल्या मी आमच्या परसातली भिंत वाचायला घेतली. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. त्या कानाने पाठ होत्या, म्हणून भराभर गेलो. सहावी साबणाची.

सातवी पाठ नव्हती. ती सावकाश वाचावी लागली.

"शेण टाकू नये."

उठून बसलो. जवळ जाऊन पुन्हा वाचलं. त्याच अक्षरात, त्याच निळ्या रंगात, बाकीच्या ओळींसारखीच एक ओळ. नाव नाही, शिवी नाही. बोट लावून वाचलं. मग मला एकेक चेहरा आठवायला लागला. पदर तोंडाला लावणारी ती बाई. लाखनीची दहा-बारा माणसं. मिशीत हसणारा चिंधू. दोन वर्षं मी त्या ओळीखाली बसून माझे तळहात दाखवत होतो आणि ते सगळे माझ्या डोक्यावरून वाचत होते. असा नियम लिहायची वेळ का येते, हे ढीवरपुऱ्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पुस्तकात तो नसतो, कारण पुस्तकवाल्यांना असं कोणी करील हे सुचतच नाही. ते आम्हालाच सुचतं.

मी गोठ्यातून चुन्याची बादली आणि कुंचला आणला. कुंचला बुडवला. एका हाताने पुसायचं आणि दुसऱ्या हाताने फोन लावायचा, इतकं डोकं फिरलं होतं.

"हॅलो, मामाजी? तब्येत बरी आहे ना जी?" मागे कसलीतरी यंत्रं घरघरत होती.

"भिंतीवर काय लिवून गेलीस तू?"

"कोणं वाचून दाखवलं?"

"कोणं नाही. मी वाचलं."

"तुम्ही?"

"हव, मी! वाचतो आता मी. माही इज्जत काढलीस तू गावात. दोन वर्षं मी त्या भिंतीखाली बसून..."

"बसून काय जी?" तिचा आवाज कधी नव्हे इतका चढला. "थांबले काहून? बसून काय सांगत होते तेही सांगा ना! माह्या मायच्या गावापर्यंत गेलं ते. हेमलतानं मासोळ्या उकडल्या म्हणून माही माय बाजारात मान खाली घालून चालते!"

"मंग तोंडावर बोलाचं होतं!"

"इचारलं होतं. चार माणसांसमोर इचारलं होतं. तुम्ही काय म्हटलं आठवते? मले शब्दान् शब्द आठवते. 'तुह्या जन्माच्या आधीपासून मी पाण्यात उभा आहे.' अन् मंग तुमच्या मुलानं मले मारलं, अन् तुम्ही पाहत होते. मी तुमच्या तोंडाकडे पाहून रायलती मामाजी. आता बोलतीन, आता बोलतीन म्हणून. इथं आचल विटांच्या ढिगावर बसून दोन वर्षांपासून जुनंच पुस्तक वाचते. अन् तुमची इज्जत मी काढली?"

कुंचल्यातून चुना माझ्या पायावर गळत होता. मी भिंतीपासून लांब झालो.

"मी टाकलं," मी म्हणालो. "चार टोपले."

"मले नोका सांगू. मले त्याच दिवशी ठाऊक होतं. थांबा." तिने फोन दूर नेला. "घ्या. तुमच्या बापाचा आहे. ऐका."

भोजराज म्हणाला, "बाबा?"

मी त्याला सांगितलं. तलावातल्यासारखं करायला गेलो, चार टोपली शेण टाकलं, बादल्या टाकायचं सोडून सावलीत बसलो, आणि तिने विचारलं तेव्हा खोटं बोललो. तू तिला मारलंस तेव्हाही बोललो नाही. त्याने फोन परत तिच्याकडे दिला.

मग पुन्हा तिचा आवाज. "भिंतीवर लिवा. सातव्या ओळीच्या पुढं. कोणं टाकलं ते. अन् फोटो पाठवा." फोन तिनेच ठेवला.

निळ्या रंगाची डबी वाळून दगड झाली होती. घासलेट टाकून मी तो घोटला. पाटीवर लिहिणं वेगळं आणि भिंतीवर वेगळं. अक्षरं मोठी झाली, जागा पुरेना, शेवटचा शब्द खाली उतरवावा लागला. शर्ट पाठीला चिकटला होता. लिहून झालं तेव्हा भिंत अशी होती: "शेण टाकू नये. डोमाजी मारबते याने टाकले" आणि त्याच्याखाली एकटंच "होते."

माझ्या फोनला फोटो काढता येत नव्हता. चिंधूला हाक मारावी लागली. तो आला, फोन वर धरला आणि वाचून खाली घेतला.

"डोमा, हे तं मले ठाऊक होतं गा."

"मंग दोन वर्षं दात काढत बसला, सांगतलं काहून नाही?"

"तुले कोण सांगन? तू चावतेस."

"फोटो काढ. खालचं 'होते' पण आलं पाहिजे."

त्याने काढला, तिच्या नंबरवर पाठवला आणि माझ्या बाजूला खाटेवर बसून राहिला. चार वाजले, पाच वाजले. ऊन लिंबाच्या मागे गेलं तेव्हा त्याचा फोन टिंग वाजला. तो वाचायला लागला तसा मी त्याच्या हातातून ओढून घेतला. मला आलेलं आहे, मी वाचणार.

पहिल्या ओळीत लिहिलं होतं, "अक्षर वाकडं आहे, पण वाचता येते."

दुसरीत, "मृगात येतो. आचलचं नाव शाळेत सांगून ठेवा."

तिसरीत, "टाकी घासून ठेवा. साबण लावू नका."

मी नारळाचा काथ्या घेतला आणि टाकीत उतरलो.